केळीचं खोड आणि ड्रिपरचा डायफ्रॅम: प्रवाह आणि घन यांचं एकत्र सिम्युलेशन कसं करावं

प्रवाह घनाला वाकवतो आणि वाकलेलं घन प्रवाहाची वाट बदलतं. या विषयाचे दोन नमुने खान्देशात कुठल्याही केळीच्या बागेत सापडतात. मे-जूनमध्ये वादळी वारा सुटला की रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातली निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळी मधून मोडते किंवा मुळासकट आडवी होते. त्याच झाडांच्या बुडाशी लॅटरलवर, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीवर, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर बसवलेले असतात. त्यांच्यातला सिलिकॉनचा छोटा डायफ्रॅम पाण्याच्या दाबाने वाकतो, वाट अरुंद करतो, आणि त्यामुळे लाइनच्या तोंडाशी नि शेवटाशी जवळपास सारखंच पाणी पडतं.

सॉफ्टवेअरच्या मेनूत ही दोन्ही गणितं फ्लुइड-स्ट्रक्चर इंटरॅक्शन या एकाच नावाखाली येतात, पण सोडवण्याच्या पद्धतीत ती एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. केळीला चालणारी जोडणी ड्रिपरला लावली तर पहिल्या काही टाइम स्टेपमध्येच दाब अब्जांत जातो. का जातो, हे सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर कळू शकतं. या लेखाचा बराच भाग त्या कागदासाठी आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि ठिबक, पाइप, व्हॉल्व्ह यांच्या डिझाइनमध्ये काम करणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. प्रवाहाचं एखादं आणि घनाचं एखादं सिम्युलेशन तुम्ही वेगवेगळं केलेलं आहे असं धरतो. साधनं सगळी फुकटची: प्रवाहासाठी ओपनफोम, घनासाठी कॅल्क्युलिक्स, दोघांना जोडायला प्रीसाइस, मेशसाठी जीमेश, चित्रं बघायला पॅराव्ह्यू. उबंटू लिनक्सवर हे सगळं चालतं. महागड्या पॅकेजचं लायसन्स कॉलेजात असेल तर ते वापरा, पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: प्रश्न एका आकड्यापर्यंत आणा

"केळीवर वाऱ्याचा परिणाम" हे प्रोजेक्टचं नाव झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: पंचवीस किलोचा घड असलेल्या अडीच मीटर उंचीच्या झाडावर ताशी ६० किलोमीटरचा वारा आला तर बुंध्याशी किती बेंडिंग मोमेंट येतो, आणि आधाराची पट्टी दीड मीटरऐवजी दोन मीटरवर बांधली तर तो किती घटतो? ड्रिपरसाठी: दाब १ बारवरून ४ बारपर्यंत नेला तर ताशी ४ लिटरचा प्रवाह किती टक्के हलतो?

प्रश्न असा धरला की निम्मं काम आपोआप गळून पडतं. केळीच्या प्रत्येक पानाचं मेश करायची गरज उरत नाही, ड्रिपरच्या बाहेरच्या प्लास्टिक कवचाचं विकृतीकरण काढायची गरज उरत नाही.

पायरी २: कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर

आधी केळी. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरली तर वाऱ्याचा गतिज दाब, म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, १६७ पास्कल येतो. पानांचं वाऱ्यासमोर येणारं क्षेत्र दीड चौरस मीटर आणि ड्रॅग गुणांक ०.५ धरू. ही दोन्ही गृहीतकं आहेत, नंतर सुधारायची. बल आलं सुमारे १२५ न्यूटन, अडीच मीटर उंचीवर लागलं तर बुंध्याशी मोमेंट ३१३ न्यूटन-मीटर.

आता घड. २५ किलो म्हणजे २४५ न्यूटन, खोडाच्या मध्यापासून ३५ सेंटीमीटर बाहेर लटकलेला धरला तर वारा नसतानाही ८६ न्यूटन-मीटर मोमेंट कायमचा. वाऱ्याने शेंडा आणखी ३० सेंटीमीटर झुकला तर त्यात ७४ ची भर. म्हणजे घडाच्या वजनाचा वाटा दुर्लक्षण्याजोगा नाही, आणि झुकल्यावर तो वाढत जातो. याचा सरळ अर्थ: घनाच्या सॉल्व्हरमध्ये मोठ्या विस्थापनाचा पर्याय चालू ठेवावाच लागेल. रेषीय गणित इथे झाड उभं दाखवेल आणि शेतात ते आडवं असेल.

पुष्कळ जण केळीच्या बाबतीत लगेच भोवऱ्यांच्या मागे लागतात, कारण १९४० साली कोसळलेल्या टॅकोमा पुलाची फिल्म प्रत्येकाने वर्गात पाहिलेली असते. तपासून बघा. गोल खोडामागून भोवरे सुटण्याची वारंवारता म्हणजे ०.२ गुणिले वेग भागिले व्यास. २२ सेंटीमीटर व्यासाला, १६.७ मीटरच्या वेगाला ती १५ हर्ट्झ येते. झाड ढकलून सोडा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून हेलकावे मोजा. ते सेकंदाला एखादा-दुसरा निघाले, तर भोवऱ्यांशी ताल जुळायला वारा सेकंदाला एक-दोन मीटरच हवा, आणि तेवढ्या झुळुकीचा दाब पास्कल-दोन पास्कल. त्याने काही मोडत नाही. मोडतं ते झोतांनी, म्हणजे वेगाच्या अचानक वाढीने. तेव्हा भोवरे अचूक टिपायला लागणारा बारीक मेश आणि महागडी लार्ज एडी पद्धत दोन्ही वाचले.

आता ड्रिपर. ताशी ४ लिटर म्हणजे सेकंदाला १.११ घन सेंटीमीटर. पाण्याची वाट १ मिलिमीटर बाय ०.८ मिलिमीटर धरली तर वेग सेकंदाला १.४ मीटर आणि रेनॉल्ड्स आकडा बाराशेच्या आसपास. हे २० अंशांच्या पाण्याचं. मे महिन्यात जळगावचं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं आणि उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमधलं पाणी चांगलंच तापतं. ५० अंशांना पाण्याची गतिज श्यानता सेकंदाला ०.५५ चौरस मिलिमीटरवर येते, म्हणजे २० अंशांच्या जवळपास निम्मी. तोच रेनॉल्ड्स आकडा मग बावीसशेच्या पुढे जातो आणि तुम्ही लॅमिनार आणि टर्ब्युलंट यांच्या सीमेवर येऊन उभे राहता. तयार फाइलमध्ये बहुधा २० अंशांची श्यानता भरलेली असते, ती बदला.

डायफ्रॅमचं: व्यास १० मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर, कडा पकडलेल्या. शोअर ए ५० कडकपणाच्या सिलिकॉनचा लवचीकता गुणांक साधारण २.५ मेगापास्कल. पातळ गोल पाटीचं पाठ्यपुस्तकी सूत्र वापरलं तर १ बार दाबाला मध्यबिंदू ३.६ मिलिमीटर खाली जायला हवा. जाडीच्या साडेतीनपट विस्थापनाला ते सूत्र लागूच पडत नाही, पण एक मोलाची गोष्ट ते सांगून जातं. डायफ्रॅम आणि बैठक यांत ०.३ मिलिमीटर फट असेल तर दाबाचा फरक ०.१ बार व्हायच्या आतच डायफ्रॅम बैठकीला टेकतो. त्यापुढचा सगळा कार्यकारी दाबपट्टा डायफ्रॅम टेकलेल्या अवस्थेतच जातो. रबर बैठकीतल्या खोबणीत किती शिरतं यावर प्रवाह ठरतो. म्हणजे हे गणित वाकण्याचं कमी आणि संपर्काचं जास्त आहे. मेश कुठे बारीक करायचा हेही इथेच ठरलं.

पायरी ३: वस्तुमानांची तुलना, म्हणजे या विषयाचा गाभा

जोडणीची दोन घराणी आहेत. पहिलं एकसंध: प्रवाहाची नि घनाची समीकरणं एकाच मोठ्या मॅट्रिक्समध्ये घालून एकदम सोडवायची. गणित भक्कम, पण त्यासाठी खास प्रोग्राम लागतो. दुसरं विभक्त: दोन वेगळे सॉल्व्हर, एक दाब देतो, दुसरा विस्थापन परत देतो. आपण दुसऱ्यात आहोत.

विभक्त जोडणीतही दोन प्रकार. सैल जोडणीत एका टाइम स्टेपमध्ये एकदाच देवाणघेवाण होते आणि गाडी पुढे जाते. घट्ट जोडणीत दोन्ही सॉल्व्हर सीमेवरच्या आकड्यांवर एकमत होईपर्यंत तीच टाइम स्टेप पुन्हा पुन्हा सोडवतात. घट्ट जोडणीला वेळ कितीतरी पट लागतो, म्हणून सैल वापरायचा मोह होतो. कधी चालेल?

घन हलला की शेजारच्या प्रवाहालाही हलावं लागतं. घनाच्या दृष्टीने जणू त्याचं वजन वाढलेलं असतं. याला अतिरिक्त वस्तुमान म्हणतात. ते घनाच्या स्वतःच्या वस्तुमानापुढे नगण्य असेल तर सैल जोडणी बिनदिक्कत चालते. बरोबरीचं किंवा जास्त असेल तर प्रत्येक देवाणघेवाणीत चूक कमी होण्याऐवजी वाढत जाते.

केळीचं खोड बहुतेक पाणीच आहे; घनता ९०० च्या आसपास धरा. हवा १.२. गुणोत्तर साडेसातशे. सैल जोडणी पुरेशी आहे, आणि पहिल्या अंदाजाला तर एकेरी जोडणीही: वाऱ्याचा दाब काढा, घनावर ठेवा, विषय संपला.

ड्रिपरमध्ये सिलिकॉन ११००, पाणी १०००. नुसतं घनतेचं गुणोत्तर १.१. त्यातही डायफ्रॅम अरुंद फटीसमोर आहे. तो जरासा खाली आला की फटीतलं सगळं पाणी आडवं बाहेर पळावं लागतं, आणि फट जितकी अरुंद तितकं ते जड जातं. अतिरिक्त वस्तुमान ढोबळमानाने पाण्याची घनता गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले फट या प्रमाणात वाढतं. पाच मिलिमीटर त्रिज्या, ०.३ मिलिमीटर फट: प्रति चौरस मीटर ८० किलोच्या पातळीचा आकडा, नेमका गुणक धरल्यावर त्याचा काही अंश. डायफ्रॅमचं स्वतःचं वस्तुमान प्रति चौरस मीटर १.१ किलो. म्हणजे पाणी कित्येक पट भारी.

फक्त घनता बघून फसू नका. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. तापीला पूर आला की ते उघडल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. असा एखादा दरवाजा मॉडेल करायचा आणि पाटी १२ मिलिमीटर जाडीची धरायची तर पोलादाची घनता ७८५० असूनही प्रति चौरस मीटर ९४ किलोच भरतात. पाटीमागे काही मीटर खोल पाणी आहे, ते पाटीबरोबर थरथरतं तेव्हा शेकडो किलोंचं ओझं होतं. पोलाद असूनही गणित ड्रिपरच्या बाजूचं.

आता सगळ्यात उलटी गोष्ट. सिम्युलेशन फुटलं की आपला हात आधी टाइम स्टेपकडे जातो: दहापट कमी करा, सुटेल. असंपीड्य प्रवाहात अतिरिक्त वस्तुमानामुळे फुटणारी सैल जोडणी टाइम स्टेप कमी केल्याने सुधारत नाही, बऱ्याचदा लवकर फुटते. पाणी असंपीड्य धरलं की दाबाची खबर त्याच क्षणी सगळीकडे पोचते, आणि तेच विस्थापन कमी वेळात घडलं तर त्वरण वाढतं, त्वरणाबरोबर दाब वाढतो. टाइम स्टेप घटवून त्रास वाढत असेल तर निदान झालंच समजा: जोडणी बदला.

घट्ट जोडणीतही नवं विस्थापन जसंच्या तसं पुढे देता येत नाही, जुन्या-नव्याचं मिश्रण द्यावं लागतं. नव्याचा वाटा किती, याची साध्या प्रतिमानातली मर्यादा: दोन भागिले (एक अधिक अतिरिक्त आणि स्वतःच्या वस्तुमानांचं गुणोत्तर). अतिरिक्त वस्तुमान दहापट असेल तर वाटा ०.१८ पेक्षा कमी हवा. इतक्या कासवगतीने एकमत व्हायला पन्नास-पन्नास फेऱ्या लागतात. एटकेन पद्धत हा वाटा दर फेरीला आपोआप सुधारते. त्याहून चांगली क्वासी-न्यूटन पद्धत, जी आधीच्या फेऱ्यांतून सीमेचा स्वभाव शिकत जाते. प्रीसाइसमध्ये ती आयक्यूएन-आयएलएस नावाने मिळते. ड्रिपरसाठी थेट तीच घ्या, स्थिर वाट्याशी झटापट करत बसू नका.

एक सूट: ड्रिपरच्या फक्त स्थिर अवस्थेतला दाब-प्रवाह आलेख हवा असेल तर वस्तुमानाचा मुद्दा मागे पडतो, कारण शेवटी काहीच हलत नसतं. घनाचं स्थिर गणित, प्रवाहाचं स्थिर गणित, मधे मिश्रण, दाब हळूहळू वाढवत न्यायचा. मोटर सुरू होतानाचा धक्का किंवा डायफ्रॅमची थरथर हवी असेल तरच काळानुरूप गणितात शिरा.

पायरी ४: गुणधर्म मोजा, नेटवरून उचलू नका

केळीच्या खोडाचा लवचीकता गुणांक म्हणून इंटरनेटवर जे सापडतं ते बहुधा सोललेल्या, वाळवलेल्या धाग्याचं असतं. उभ्या ओल्या खोडाशी त्याचा संबंध नाही. दीड मीटर उंचीवर दोर बांधा, स्प्रिंग काट्याने आडवं ओढा, विस्थापन मोजा. बल गुणिले उंचीचा घन भागिले तीनपट विस्थापन म्हणजे वाकण्याचा कडकपणा. दुसरी खूण जमिनीपासून २० सेंटीमीटरवर करा, तिचं विस्थापनही नोंदवा. खालची खूण लक्षणीय हलली तर बुंधा जमिनीत फिरतोय, आणि मॉडेलच्या पायथ्याशी पक्की पकड न देता फिरती स्प्रिंग द्यावी लागेल. भिजलेल्या काळ्या जमिनीत आणि कोरड्यात हा आकडा वेगळा येतो, दोन्ही वेळा मोजा. मोबाइलच्या व्हिडिओतून हेलकावे किती लवकर थांबतात तेही काढा, त्यातून डँपिंग मिळतं.

सिलिकॉनसाठी शोअर ड्युरोमीटर पुरतो. कडकपणा ५० आला तर निओ-हुकीयन प्रतिमानाचा पहिला स्थिरांक साधारण ०.४ मेगापास्कल ठेवून सुरुवात करा.

पायरी ५: दोघांना आधी एकेकटं चालवा

ही पायरी गाळणाऱ्यांचे सगळे रविवार जातात, म्हणून बजावून सांगतो. जोडलेलं सिम्युलेशन बिघडलं तर दोष तीन ठिकाणी असू शकतो. दोन ठिकाणं आधीच साफ केलेली असतील तर उरतं एकच.

घन: डायफ्रॅमवर १०० पास्कल एकसारखा दाब द्या. पातळ पाटीच्या सूत्राने ३.६ मायक्रोमीटर यायला हवेत. तुमचा आकडा वीस-पंचवीस टक्के जास्त आला तर घाबरू नका; जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी असल्याने शिअरचा वाटा जोडला जातो, पातळ पाटीचं सूत्र तो धरत नाही. कमी आला तर मात्र काळजी करा. रबर जवळपास असंपीड्य असतं, आणि साधे एलिमेंट अशा पदार्थाला खोटा ताठरपणा देतात. कॅल्क्युलिक्समध्ये वीस नोडचे, कमी इंटिग्रेशन बिंदूंचे एलिमेंट घ्या, पॉइसन गुणोत्तर ०.४९ च्या पुढे ताणू नका.

प्रवाह: डायफ्रॅम कडक धरून एका जागी गोठवा आणि १ बार व ४ बारला प्रवाह काढा. दाब चौपट झाला की टर्ब्युलंट वाटेत प्रवाह दुपटीच्या जवळ जायला हवा. तसं होत नसेल तर मेश किंवा टर्ब्युलन्स मॉडेल तपासा. एकदा लॅमिनार, एकदा के-ओमेगा एसएसटी, दोन्ही चालवा; दोन उत्तरांतला फरक ही तुमच्या उत्तरातली किमान अनिश्चितता.

केळीकडे पानांचा भाग सच्छिद्र क्षेत्र म्हणून ठेवा, डार्सी-फोर्कहायमर रोधासह. वाऱ्यात पानं शिरांना समांतर फाटतात आणि मिटतात, त्यामुळे ड्रॅग वेगाच्या वर्गापेक्षा कमी गतीने वाढतो. रोधाचा गुणांक वेगानुसार घटवा. समोर झाडाच्या उंचीच्या पाचपट, मागे पंधरापट, वर पाचपट मोकळी जागा ठेवा. आत येणारा वारा जमिनीलगत मंद आणि वर जोरात, म्हणजे लॉगरिदमिक ठेवा. बागेच्या कडेची पहिली ओळ आणि आतली पाचवी ओळ दोन्ही मॉडेलमध्ये असू द्या. कडेच्या वारारोधक शेवरीचा किंवा गजराज गवताचा फायदा आकड्यात त्यामुळेच दिसतो.

पायरी ६: हलणारा मेश

घनाची सीमा सरकली की प्रवाहाचा मेश कसा जुळवून घ्यायचा? तीन वाटा. मेशच सरकवायचा, याला एएलई म्हणतात. १९७४ पासून रूढ आहे. मेश स्थिर ठेवून घनाची सीमा त्यात बुडवायची. ही कल्पना चार्ल्स पेस्किन यांनी १९७२ मध्ये हृदयाच्या झडपांमधल्या रक्तप्रवाहासाठी मांडली. किंवा मेशच नको, पाणी म्हणजे कणांचा समूह धरायचा. ही एसपीएच पद्धत १९७७ मध्ये खगोलशास्त्रासाठी आली आणि आज उसळत्या, फुटणाऱ्या पाण्यासाठी उपयोगी पडते. दरवाजाखालून फेसाळत जाणाऱ्या पाण्याला ती शोभते. ड्रिपरला मी एएलईनेच सुरुवात करायला सांगेन, कारण भिंतीलगतचा वेग त्यात नीट मिळतो.

अडचण संपर्काची. डायफ्रॅम टेकला की मधल्या सेलची जाडी शून्य होते आणि सॉल्व्हर मरतो. उपाय: घनाच्या बाजूला संपर्काची पातळी बैठकीच्या ०.०२ मिलिमीटर वर ठेवा. त्या पातळ फटीतून थोडं पाणी झिरपेल. फट निम्मी करून उत्तर किती बदलतं ते बघा. मेश सरकवताना डायफ्रॅमजवळचे सेल ताठ आणि दूरचे मऊ राहतील असा अंतराच्या व्यस्त प्रमाणातला पर्याय निवडा. सगळ्यात अरुंद जागी आडवे किमान पाच-सहा सेल हवेत.

पायरी ७: जोडणीची फाइल

प्रीसाइसच्या फाइलमध्ये जोडणीचा प्रकार ड्रिपरसाठी सिरियल-इम्प्लिसिट, म्हणजे घट्ट, केळीसाठी सिरियल-एक्स्प्लिसिट, म्हणजे सैल. बलं पाठवताना मॅपिंग कन्झर्वेटिव्ह, म्हणजे बेरीज तीच राहील. विस्थापन पाठवताना कन्सिस्टंट, म्हणजे जागच्या जागी किंमत तीच राहील. उलटसुलट झालं तर चित्र सुंदर दिसतं आणि आकडे खोटे येतात. एकमताची मर्यादा विस्थापनाला दहा हजारात एक, कमाल फेऱ्या ३०, सुरुवातीचा वाटा ०.१.

आता तीन खड्डे, जे प्रत्येकाला भेटतात. ओपनफोमचा असंपीड्य सॉल्व्हर दाब घनतेने भागून देतो. ओपनफोमला प्रीसाइसशी जोडणाऱ्या अडॅप्टरच्या फाइलमध्ये घनता भरली नाही तर पाण्याचं बल हजारपट चुकतं. कॅल्क्युलिक्सला एककं कळत नाहीत. जीमेशमध्ये मिलिमीटरमध्ये काढलेली आकृती मीटरमध्ये आणल्याशिवाय जोडू नका. आणि द्विमितीय गणितात दोन्ही बाजूंची तिसऱ्या दिशेची जाडी सारखी ठेवा.

पायरी ८: स्वतःच्या गणिताआधी ट्युरेक-हॉर्न

२००६ साली श्टेफान ट्युरेक आणि यारोस्लाव्ह हॉर्न यांनी एक कसोटी मांडली. अडीच मीटर लांब, ०.४१ मीटर उंच वाहिनी, त्यात ५ सेंटीमीटर त्रिज्येचा गोल खांब आणि त्याच्या मागे ३५ सेंटीमीटर लांब, २ सेंटीमीटर जाड लवचीक शेपूट. पहिल्या प्रकारात सरासरी वेग ०.२ मीटर, शेपटाचं टोक स्थिरावतं आणि ०.८२ मिलिमीटर वर राहतं. तिसऱ्या प्रकारात वेग २ मीटर, घन आणि प्रवाह दोघांची घनता १०००. टोक सुमारे ३४ मिलिमीटर आयामाने, सेकंदाला पाच-साडेपाच वेळा हलतं. दुसऱ्या प्रकारात घन दहापट जड असल्याने तो जोडणीच्या दृष्टीने तुलनेने सोपा जातो.

तुमची मांडणी पहिला प्रकार जुळवते पण तिसऱ्यात फुटते, तर अतिरिक्त वस्तुमान आडवं आलं. पायरी ३ पुन्हा. ही कसोटी प्रीसाइसच्या उदाहरणांत तयार मिळते, म्हणून ती टाळायला काही सबब नाही. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारील.

पायरी ९: चालवताना

दाब एकदम देऊ नका, पहिल्या दहाव्या हिश्शात शून्यापासून चढवत न्या. दोन ते पाच लाख सेलपर्यंतचं काम १६ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर जमतं. आपल्याकडच्या दोन खास गोष्टी: वीज कधीही जाते, तेव्हा दोन्ही सॉल्व्हरच्या रीस्टार्ट फाइल एकाच टाइम स्टेपला लिहिल्या जातील असं करा, नाहीतर एक पुढचा नि एक मागचा राहतो. आणि मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असली की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. लांबची रन रात्री लावा.

दर टाइम स्टेपला किती फेऱ्या लागल्या याचा आलेख काढत राहा. पाच-आठ फेऱ्यांवर स्थिर असेल तर प्रकृती ठीक. हळूहळू तीसकडे चढत असेल तर सकाळी उठून फुटलेली रन बघण्यापेक्षा आत्ताच थांबवा.

पायरी १०: शेतात पडताळा

तीन मेश, प्रत्येक आधीच्यापेक्षा दीडपट बारीक. तिसऱ्यात उत्तर दोन-तीन टक्क्यांच्या आत हलत असेल तर पुढे चला. सीमेवरची ऊर्जाही तपासा: प्रवाहाने दिलेलं काम आणि घनाला मिळालेलं काम सारखं हवं. त्यात फरक पडला तर मॅपिंगमध्ये गळती आहे.

ड्रिपरची मोजणी सोपी आहे. लॅटरलला प्रेशर गेज लावा, खाली मोजपात्र ठेवा, सहा मिनिटं पाणी धरा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ४०० मिलिलिटर देईल. एकाच ड्रिपरवर भरवसा ठेवू नका. साच्यातल्या फरकाने एकाच पिशवीतले ड्रिपर थोडे वेगळे निघतात, वीस-पंचवीसची सरासरी आणि पसारा दोन्ही घ्या. सिम्युलेशनची रेघ त्या पसाऱ्यात बसली तर तिला आणखी घोटण्यात अर्थ नाही. नवे ड्रिपर आणि गाळलेलं पाणी वापरा. विहिरीच्या क्षारांनी अर्धवट बुजलेल्या ड्रिपरशी तुलना करून मॉडेलला दोष देणं अन्यायाचं होईल.

नाही जुळलं तर कुठे बघायचं? कमी दाबाला, ०.५ बारच्या खाली, फरक असेल तर डायफ्रॅम-बैठकीमधली फट चुकलेली असते. ड्रिपर उघडून फीलर गेजने मोजा. ३-४ बारला मोजलेला प्रवाह घटत जातो आणि सिम्युलेशनमध्ये तसाच राहतो, तर तुमचं रबर खोबणीत पुरेसं शिरत नाहीये: एलिमेंटचा खोटा ताठरपणा किंवा कडकपणाचा चुकीचा आकडा. उलट सिम्युलेशनचाच प्रवाह जास्त लवकर घटत असेल तर डायफ्रॅम आणि बैठकीमधलं घर्षण शून्य ठेवलंय का ते पाहा. सकाळी जुळतं आणि दुपारी जुळत नाही, असं झालं तर लॅटरलमध्ये थर्मामीटर घाला आणि श्यानतेचा आकडा बदलून रन पुन्हा लावा.